लेखणीला सोबत लागते

पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक या दोघींशिवाय आपल्या चळवळीचं एकही शिबिर पार पडत नाही. पोस्टरवर त्या असतात, भाषणात असतात, अभ्यासवर्गाच्या पहिल्या तासाला तर हमखास असतात. पण असतात त्या एकेकट्या. जणू एक बाई उठली, तिला झटका आला आणि तिनं पुस्तक लिहून टाकलं! आणि त्यांचं ख्रिस्ती असणं? ते आपण जरा अवघडून, एखाद्या वाक्यात उरकतो. धर्मांतराचा विषय निघाला की वाद होईल, त्यापेक्षा नकोच, असा एकूण सूर असतो. मला वाटतं, इथेच आपण मोठी गोष्ट गमावतो. या बायका लिहित्या झाल्या त्यामागे माणसांची सोबत होती, आणि ती सोबत त्यांना बऱ्याच अंशी त्यांच्या ख्रिस्ती समाजातून मिळाली.

एक साधा हिशेब पाहा. १९३३ साली नागपूरला मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षपदी लक्ष्मीबाई टिळक होत्या. शाळेचं रीतसर शिक्षण नसलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली पासष्ट वर्षांची बाई. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग पुस्तकरूपाने यायचा होता. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला बाई अध्यक्ष मिळायला १९६१ साल उजाडावं लागलं. त्या कुसुमावती देशपांडे. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर. झाल्या सहा. मुठीएवढ्या समाजानं अठ्ठावीस वर्षं आधी जे केलं, त्याची नोंद आपल्या इतिहासात कितीशी आहे?

त्या समाजाकडे साधनं होती, हे खरं. अमेरिकन मराठी मिशननं १८४२ मध्ये अहमदनगरहून (आता अहिल्यानगर) ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. छापखाना होता, मासिकं होती, मुलींच्या शाळा होत्या. पण नुसत्या छापखान्यानं बाई लिहीत नाही. तिचं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं लागतं. टिळकांच्या घरात नाना तऱ्हेची माणसं राहून जात. पोरवयातले बालकवी तिथे राहिले, ते तर ख्रिस्ती नव्हते. त्या घरात कविता ही जेवणाइतकी रोजची बाब होती. लक्ष्मीबाई स्वयंपाक करता करता ते सगळं ऐकत होत्या, आणि मग स्वतः रचू लागल्या. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलं होतं. पुढचे साठाहून अधिक अध्याय या बाईनं रचले. किती अभ्यासक्रमांत हे सांगतात? ‘टिळकांचं ख्रिस्तायन’ म्हणून मोकळे होतात.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती ‘साक्ष’. चर्चच्या प्रार्थनासभांना गेलेल्या मैत्रिणींना हा प्रकार ठाऊक असेल. बाई उभी राहते आणि आपल्या आयुष्यात काय घडलं ते दहा-वीस माणसांसमोर सांगते. मधे कुणी तोडत नाही. आपल्या शिबिरांत आपण ‘अनुभवकथन’ म्हणतो, त्याच्याशी याचं नातं फार जवळचं आहे. १९०७ साली रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिलं, ते साक्ष म्हणूनच. ज्या काळात घरंदाज बाईनं ‘मी’ म्हणणंसुद्धा उर्मटपणाचं होतं, त्या काळात इथे ‘मी’ म्हणायला सभा बसलेली होती.

अर्थात साक्षीला साचा असतो. आधी अंधार, मग प्रकाश. प्रकाश मिळाल्यावरही नवरा मारतोच आहे, हे त्या साच्यात बसत नाही, मग ते सांगायचं राहून जातं. लक्ष्मीबाईंचं थोरपण मला इथे दिसतं. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांतली फरफट, नवऱ्याचा तापट स्वभाव, सोवळं-ओवळं सुटताना झालेली तगमग, हे सगळं त्या हसत हसत सांगून टाकतात. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईनं दिलं ते स्वतःचं आयुष्य!

सोबत म्हणजे नुसती गोडी नव्हे. रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला आणि लगेच ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचे खटके उडू लागले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं. रमाबाईंनी ते मुकाट्यानं मानलं नाही. आपण काय मानायचं ते आपली सदसद्विवेकबुद्धी ठरवील, हे त्या सिस्टर जेराल्डिनना पत्रांमागून पत्रं लिहून सांगत राहिल्या. गंमत अशी, की ही पत्रं जपून ठेवली ती जेराल्डिननीच. १९७७ साली ती मुंबईत पुस्तकरूपाने निघाली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात. पुढे केडगावला मुक्तिसदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. तिथल्या बायकाच खिळे जुळवत, छपाई करत. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. त्याही माझ्या लेखी लेखनाच्याच कामातल्या.

आता आजचं. ख्रिस्ती साहित्य संमेलनं भरली, ‘निरोप्या’, ‘सुवार्ता’सारखी मासिकं निघाली. अनुपमा उजगरे, सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिका मुख्य प्रवाहातही वाचल्या जातात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा केवळ धर्मावरून केवढा गदारोळ झाला! त्या वेळी आपल्यातल्या किती संघटनांनी पत्रक काढलं?

पण नगर-मराठवाड्याकडच्या खेड्यांतली ख्रिस्ती बाई कुठे आहे? तिच्या आज्या-पणज्या बहुतेक महार-मांग वस्त्यांतून आलेल्या. गावानं तिची जात विसरली नाही, पण सरकारनं मात्र विसरली. १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये सवलत मिळाली, यांना नाही. घटस्फोटाचं पाहा. १८६९ च्या कायद्यानं ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा टाकून देणंही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये यावर निकाल दिला, संसदेनं कायदा बदलला २००१ मध्ये. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं बायका अडकून पडल्या. त्या वर्षांबद्दल बायकांनी स्वतः लिहिलेलं मी शोधते, तर हाती फारच थोडं लागतं. साक्षीत ते आलं नाही, कारण साक्षीत ते शोभत नाही. आपल्या शिबिरात आलं नाही, कारण ती बाई आपल्या शिबिरात नव्हती.

चर्चच्या महिला मंडळांत आपल्यापैकी कुणाची ओळख असेल तर तिनं एक दुपार मागून घ्यावी. व्याख्यान द्यायला नव्हे. ‘स्मृतिचित्रे’तली दहा पानं सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचावीत, आणि मग प्रत्येकीनं साक्षीत न सांगितलेली एक गोष्ट सांगावी. एकीनं ती उतरून घ्यावी, दुसरीनं वाचून दाखवावी. जिची गोष्ट आहे तिनं हो म्हटल्याशिवाय ती छापू नये. पाद्रीबाबा दारात उभे राहिले तर त्यांना चहा द्यावा आणि बाहेर बसायला सांगावं.