सोंगे पाहावयास जाण्यापूर्वी

ह्या वर्षीची सहल कोठे न्यावी असा प्रश्न दिवाळीच्या सुटीनंतर पाचवीच्या वर्गात निघाला, तेव्हा वसईचा किल्ला, वज्रेश्वरीची उष्ण पाण्याची कुंडे अशी दोनचार नावे मी मनाशी योजून ठेविली होती. परंतु मुलांचा ठराव माझ्या आधीच पास झाला होता. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे २०१३ साली जे मोठे करमणूक उद्यान निघाले, तेथे जावयाचे. आणि तेही उंच पाळण्यांसाठी नव्हे, तर तेथे हिंडणारी सोंगे प्रत्यक्ष भेटावी म्हणून. कोणास कोठे गाठावयाचे, प्रथम कोणाजवळ उभे राहून छायाचित्र काढावयाचे, स्वाक्षरीची वही कोणी आणावयाची, ह्याची एक यादीच माझ्या हाती देण्यात आली. यादीच्या शिरोभागी टबी नावाचा हत्ती होता.

ही चर्चा रंगात आली असता, आपल्या बहिणीची वाट पाहत दाराशी उभा असलेला दुसरीतील एक चिमुकला पुढे आला व त्याने मला विचारले, “सर, त्या हत्तीच्या आत माणूस असतो ना?” वर्गातील मोठ्यांनी त्यास गप्प बसविले. मीही “तेथे गेल्यावर पाहू” असे म्हणून वेळ मारून नेली. मूल सरळ विचारते आणि शिक्षक आडवे उत्तर देतो, ही गोष्ट मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत बोचत राहिली. त्या बोचणीतून हा लेख निघाला आहे.

प्रथम, हा प्रकार आहे तरी काय ते पाहू. मिकी नावाचा उंदीर १९२८ साली बोलपटाच्या पडद्यावर आला. त्यास पडद्यावरून उतरवून मुलांच्या हातात हात देण्याची योजना अमेरिकेत १९५५ च्या जुलै महिन्यात अमलात आली. त्या साली कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम गावी डिस्नेलँड उघडले, तेव्हा सोंगांचे पोशाखदेखील घरचे नव्हते. बर्फावर नाच करणाऱ्या आइस कॅपेड्स ह्या मंडळीकडून ते उसने आणले होते. पुढे १९८३ साली हीच कल्पना जपानात टोकियोस गेली. आपल्या मुलांचा आवडता छोटा भीम मात्र हैदराबादचा. तो २००८ साली दूरचित्रवाणीवर आला, आणि आता शहरांतील मोठमोठ्या बाजारगृहांतून त्याचेही सोंग मुलांस भेटते. सारांश, जे चित्र मूल घरी बसून पाहते, त्यास हात, पाय व ऊब देण्याचा हा उद्योग आहे.

कित्येक पालक म्हणतात, “हे सारे परक्यांचे खूळ आहे; आपणांस त्याचे काय?” त्यांच्याशी माझा मतभेद आहे. सोंगाची आवड आपल्याकडे परकी मुळीच नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे ह्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, त्यात देव, राक्षस व विदूषक प्रेक्षकांसमोर उभे राहिले. दादासाहेब फाळके ह्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्र ह्या चित्रपटात तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. आणि १९१७ च्या लंकादहन मध्ये तर राम व सीता ही दोन्ही कामे त्यांनीच केली. इतके दूर कशाला? जव्हार व मोखाडे हा मुलूख १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तेथील आदिवासी बांधव भातशेतीची कामे सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांत बोहाडा करितात. रात्री संबळ वाजू लागतो, मशाली पेटतात, आणि रंगविलेले मोठाले मुखवटे चढवून एकामागून एक सोंगे नाचत येतात. अमुक सोंग अमुक घराण्याचे, असा तेथे मान असतो, व तो मुखवटा वर्षभर घरात जपून ठेविला जातो. तेव्हा सोंग पाहण्याची हौस धरिली म्हणून मुलांस दोष देणे मला न्याय्य वाटत नाही.

दुसरे काही पालक ह्याच्या अगदी उलट बोलतात. “मुलांस खरे सांगू नका, त्यांच्या आनंदावर पाणी पडेल.” हे मत प्रेमातून निघालेले आहे, पण तेही मला मान्य नाही. सोंग घेणे आणि खोटे बोलणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. बालगंधर्व रंगभूमीवर येत, तेव्हा नारायण श्रीपाद राजहंस नावाचा पुरुष आपल्यासमोर आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असे. तरीही त्यांच्या डोळ्यांस पाणी येई, आणि त्यांची लुगडे नेसण्याची व केस बांधण्याची तऱ्हा घराघरांतील स्त्रिया उचलीत. ज्ञानाने त्यांचा आनंद कमी झाला नाही. उलट, पुरुष असून हे इतके हुबेहूब कसे, ह्या विस्मयाची त्यात भर पडली. सोंग हा दोघांच्या संमतीचा खेळ आहे. ज्या क्षणी एक जण मनापासून विचारतो, “हे खरे आहे काय?” त्या क्षणी त्यास खरे उत्तर मिळालेच पाहिजे. न विचारणाऱ्या बालकाचा खेळ आपण होऊन मोडू नये. पण विचारणाऱ्यास फसवू नये. उद्या ते मूल आपणांस याहून मोठे प्रश्न विचारील, तेव्हा आपल्या शब्दावर त्याचा विश्वास शिल्लक असावयास हवा.

ह्या बाबतीत मला स्वतःला एक धडा मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी नाताळच्या संमेलनात मी नाताळबाबा झालो होतो. ज्या संत निकोलसाच्या नावावरून ही प्रथा पुढे आली, तो चौथ्या शतकातील आशियामायनरमधील मायरा गावचा बिशप होता. परंतु खारबावच्या मांडवात मी होतो तो कापसाची दाढी लावलेला, घामाने निथळणारा एक शाळामास्तर. मुले रांगेने येत, गोळी घेत, व कानात काही मागून जात. एकाने मागितले, “माझ्या बाबांची रात्रपाळी बंद करा.” त्याचे वडील भिवंडीस यंत्रमागावर होते. मुलगा शाळेतून घरी पोहोचे तो बाप कामावर निघे, व बाप सकाळी परते तेव्हा मुलाची शाळेची घाई. मजपाशी गोळ्यांची पिशवी होती, पाळी बदलण्याचा अधिकार नव्हता. “बरे, करितो” असे म्हणणे अतिशय सोपे होते, आणि त्या अंगरख्यात ते शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले. दुसऱ्या दिवशी मात्र मास्तर म्हणून मी त्याच्या वडिलांस निरोप धाडिला. पाळी काही बदलली नाही. पण सकाळी परत आल्यावर झोपण्यापूर्वी बापाने मुलास शाळेपर्यंत पोहोचवावे, एवढे ठरले, व ते त्यांनी वर्षभर पाळिले. सोंगाने आपल्या शक्तीबाहेरचे वचन देऊ नये, आणि जे देणे शक्य आहे ते सोंग उतरल्यावर द्यावे, हे मी त्या मुलापासून शिकलो.

आता सहलीच्या योजनेकडे वळू. ज्यांस ही सोंगे भेटावयास जावयाचे असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. सोंगे दिवसभर मोकळी हिंडत नसतात. ठराविक वेळी, ठराविक जागी येतात. ते जाड कापडाचे व मोठ्या डोक्याचे पोशाख अंगावर घेऊन मनुष्य फार वेळ उभा राहू शकत नाही, हे त्याचे कारण. म्हणून जाण्यापूर्वी वेळा विचाराव्या, आणि अमुकच सोंग भेटेल असे वचन लहानग्यास देऊ नये. आतील मनुष्यास बहुधा एका लहानशा जाळीतून दिसते; त्यास दोहों बाजूंचे दिसत नाही, खाली उभे असलेले लहान मूल तर मुळीच दिसत नाही. यास्तव मागून धावत जाऊन बिलगू नये, शेपूट ओढू नये, गंमत म्हणून गुद्दा मारू नये. बहुतेक सोंगे बोलत नाहीत. त्यांच्या शेजारी एक सेवक उभा असतो, त्याचे ऐकावे. लहान मूल घाबरून रडू लागले, तर छायाचित्रासाठी त्यास पुढे ढकलू नये. दुरून हात हालविणे हीदेखील भेटच आहे. छायाचित्राची घाई करण्यापूर्वी क्षणभर त्या सोंगाकडे नीट पाहावे, आणि निघताना आभार मानावे. ते आभार जाळीच्या आत ऐकू येतात.

परंतु योजनेतील सर्वांत कठीण कलम खर्चाचे आहे. खारबावहून जावयाचे तर दिवा-वसई मार्गावरील मोजक्या गाड्यांवर सहलीची भिस्त ठेविता येत नाही. मोटार ठरवावी लागते. तिचे भाडे, उद्यानाचे तिकीट व दुपारचे जेवण ह्यांची बेरीज मी फळ्यावर मांडिली, तेव्हा वर्गात थोडी शांतता झाली. दुसऱ्या दिवशी काही मुले एकेकटी येऊन मला सांगू लागली, “सर, मला नाही यावयाचे. मला ती सोंगे आवडत नाहीत.” त्यांतील एकाने तर आदल्या दिवशीच्या यादीत टबी हत्तीचे चित्र स्वतःच्या हाताने काढिले होते!

विद्यार्थिमित्रहो, तेही एक सोंगच होते. घरची अडचण झाकण्यासाठी दहा वर्षांच्या मुलाने चढविलेला तो नावडीचा मुखवटा होता. खोपोलीची सोंगे ओळखण्यास तिकीट पुरते. हे सोंग ओळखण्यास शिक्षकाची नजर व सोबत्याचे हृदय लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या सहलीस वर्गातील काही मुले पैशांवाचून मागे राहतात, ती शाळेची सहल नव्हे. न्यावयाची तर सर्वांस न्यावी. त्यासाठी जूनपासून थोडे थोडे साठवावे, ज्यांस शक्य आहे त्यांनी गाजावाजा न करिता अधिक घालावे, व कोणी किती दिले हे कोणासही कळू नये. हे जमत नसेल, तर सर्वांनी मिळून जवळच्या ठिकाणी जावे. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या फाटकाशी एक बहुरूपी आला होता. अंगात फौजदाराचा जुना पोशाख, हातात वही. “तुमच्यावर वॉरंट निघाले आहे” असे दरडावून तो लोकांस हसवीत होता. आपण त्यास फाटकावरूनच वाटेस लाविले. परगावचा अनोळखी मनुष्य मुलांजवळ नको, ही सावधगिरी मी समजू शकतो. परंतु तीच मुले पैसे भरून दुसऱ्या एका अनोळखी मनुष्याच्या गळ्यात पडावयास निघाली आहेत, हेही खरे. भेद इतकाच की, एकास पगार आहे व दुसऱ्यास नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात गाणे, नाचणे वा खेळ करून दाखविणे ह्या निमित्ताने भीक मागणेही धरिलेले आहे. त्यामुळे पिढ्यानपिढ्या सोंगे काढणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने भिकारी ठरू शकतो. आणि नुसत्या संशयाचा शेवट कोठे होतो, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे महाराष्ट्राने पाहिले. मुले पळविणारे समजून तेथे जमावाने भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसे ठार केली. अनोळखी मनुष्याची चौकशी करणे हे शहाणपण आहे. पण चौकशीवाचून त्यास चोर ठरविणे हे पाप आहे.

म्हणून माझी सूचना अशी. पुढील संमेलनात एखाद्या बहुरूप्यास रीतसर आमंत्रण द्यावे, त्याचे नावगाव विचारून घ्यावे, त्यास मंचावर उभे करावे व ठरलेले मानधन सन्मानाने द्यावे. तो सोंग उतरवील तेव्हा मुलांनी त्यास प्रश्न विचारावे: हे कोणापासून शिकलात, आपली मुले कोठे शिकतात, आम्हांस हसविताना आपणांस हसू कसे येत नाही? एवढे झाल्यावर आपण खुशाल खोपोलीस जाऊ. मग त्या हत्तीकडे आपली मुले निराळ्या दृष्टीने पाहतील असा माझा भरवसा आहे.

राहता राहिले दुसरीतील त्या चिमुकल्याचे उत्तर. ते मी त्यास गेल्या आठवड्यात मधल्या सुटीत गाठून दिले. म्हटले, “होय बाळ, आत माणूस असतो.” तो रडेल असे मला वाटले होते. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग सर, त्याला उकडत असेल ना? आपण त्याच्यासाठी पाणी नेऊ या का?”

सहलीच्या यादीत मी ते कलम लिहून घेतले आहे.