वही देऊन हात झटकू नका

मनातले कागदावर उतरवा, कर्करोगाशी लढण्याचे बळ मिळेल, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून फिरतात आणि आपण त्या कौतुकाने पुढे पाठवतो. या बातम्यांत अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे सांगितले नाही, तर रुग्णाची ती फसवणूकच ठरते.

१९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशदायक प्रसंगांविषयी लिहायला सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढील काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. पण लेखणी खाली ठेवताच त्यांचे मन हलके झाले नव्हते. ते अधिकच खिन्न झाले होते. हा तपशील बातम्यांत क्वचितच येतो.

२००२ साली ॲनेट स्टँटन यांनी स्तनकर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील ६० स्त्रियांवर प्रयोग केला. मनाच्या तळाशी असलेले लिहिणे त्यातील काहींना मानवले. आजाराचा विचार टाळू पाहणाऱ्या स्त्रियांना मात्र आजारातून गवसलेल्या चांगल्या गोष्टींविषयी लिहिणे अधिक सोसले. पुढे २०१५ साली कर्करुग्णांवरील १६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. सर्वसाधारण रुग्णाला लेखनाने निश्चित लाभ होतो, असे त्यातून सिद्ध झाले नाही. विशिष्ट परिस्थितीतील काही रुग्णांना तो होऊ शकतो, एवढीच शक्यता उरली.

मग कोणाला काय मानवेल, हे ठरवायचे कोणी? लिहिता लिहिता जुनी जखम उघडी पडली, तर शेजारी कोण असेल? या प्रश्नांचे उत्तर वही देऊ शकत नाही. त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, आणि नेमकी त्याचीच आपल्याकडे वानवा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ साली देशात सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण असतील, असा अंदाज वर्तवला होता. केमोथेरपीची खाट मिळवतानाच ज्यांची दमछाक होते, त्यांना मनाच्या आजारासाठी दार कोठे शोधायचे, हे कोण सांगणार?

‘काहीच नसण्यापेक्षा वही काय वाईट?’ असे कोणी विचारील. वही वाईट नाही. वहीच्या आडून जबाबदारी टाळणे वाईट आहे. २०११च्या जनगणनेत या देशातील एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया निरक्षर होत्या. त्यांच्या हाती कोणती वही देणार? शिवाय आपल्या असंख्य घरांत रुग्णाला आजाराचे नावच सांगितले जात नाही. ज्याच्यापासून सत्य लपवले, त्याने लिहावे तरी काय?

आणि जोडीदार? अशा बहुतेक प्रयोगांत लेखणी रुग्णाच्याच हाती होती. आपल्याकडचा नवरा किंवा बायको केमोच्या तारखा, औषधांची बिले आणि उसनवारी यांचा हिशेब चोख लिहिते. भीतीचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही. रुग्णासमोर रडायचे नाही, नातेवाइकांसमोर खचायचे नाही, हा अलिखित नियम पाळता पाळता तोही आतून आजारी पडतो. रुग्णालयाच्या कागदपत्रांत त्याची नोंद ‘सोबतचा नातेवाईक’ एवढीच.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक कर्करोग केंद्रात रुग्णाच्या भाषेत बोलणारा समुपदेशक हवा आणि त्याच्या दारात जोडीदारालाही प्रवेश हवा. लिहू इच्छिणाऱ्याने खुशाल लिहावे, न लिहिणाऱ्याचे कोणीतरी ऐकावे. लिहिलेले कोण वाचणार, हे लिहिणाऱ्यानेच ठरवावे.

पुढच्या वेळी अशी बातमी पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा : वहीसोबत माणूस दिला आहे का?