बाँब आणि चूल

दिवाळीच्या दिवसांत घरातल्या चिरंजिवांना सुतळी बाँब तेवढा दिसतो. पहाटेपासून ज्या चुलीवर चकल्या तळल्या जातात ती दिसत नाही. पोराचे वयच ते. परंतु अणुशास्त्राच्या बाबतीत आपण शहाणीसुरती माणसेही तशीच वागतो, हा माझा आरोप आहे. पोखरणचे स्फोट १९७४ व १९९८ साली झाले, हे आमच्या अचलपुरात पानठेल्यावरही कोणी सांगेल. १८ ऑक्टोबर १९८५ रोजी काय झाले म्हणून विचारा. प्राध्यापकसुद्धा छताकडे पाहू लागतात!

त्या दिवशी मद्रासजवळ कल्पाक्कमला भारताची पहिली शीघ्र प्रजनक अणुभट्टी पेटली. ती उभारणाऱ्यांत आघाडीला होते शिवराम बाबूराव भोजे; कोल्हापूरकडील कसबा सांगावच्या शेतकरी घरातले, १९६५ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतलेले.

आता ही प्रजनक भट्टी म्हणजे काय? खाणीतल्या युरेनियमच्या हजार भागांत सहज जळण्याजोगे भाग जेमतेम सात. उरलेल्याचे ही भट्टी प्लुटोनियम बनविते, आणि तेही जळणच. पऱ्हाट्या जाळाव्यात आणि चुलीशेजारी जाळल्या त्याहून मोठी मोळी तयार व्हावी, तसा हा प्रकार. यात चेटूक नाही, कष्ट मात्र अपार. भट्टीतली उष्णता वाहून नेतो पातळ सोडियम. तो पाण्याला शिवला की भडकतो. आणि त्याच्याच उष्णतेने, नळीच्या भिंतीपलीकडे, पाण्याची वाफ करावयाची! अशा नळ्यांवर भोज्यांसारख्यांची उमेद खर्ची पडली.

१९६९ साली ते फ्रान्समध्ये कादाराश येथे भट्टीच्या आराखड्यावर काम करावयास गेले. पुढे १९७४ चा स्फोट झाला आणि फ्रान्सने समृद्ध युरेनियम देण्यास नकार दिला. म्हणजे ज्या फटाक्यावर आपण नाचलो, त्यानेच चुलीचे सरपण तोडले. तेव्हा तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम-युरेनियमच्या कार्बाइडचे इंधन घडविले. अख्खी भट्टी अशा इंधनावर जगात तोवर कोणी चालविली नव्हती.

"पण वीज कुठे आहे?" असे कोणी विचारील. खुशाल विचारावे. २००० ते २००४ भोजे कल्पाक्कमच्या केंद्राचे संचालक होते. ५०० मेगावॉटच्या मोठ्या भट्टीचा आराखडा त्यांच्याच नेतृत्वाखाली सिद्ध झाला. खर्चाचा अंदाज ३,४९२ कोटी, मुदत २०१०. तिचा गाभा भरण्यास आरंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये! जपानने मोंजू भट्टी मोडीत काढली, फ्रान्सने सुपरफिनिक्स बंद केली. रशियाने मात्र आपल्या भट्ट्या चालविल्या. आपण कोणाच्या वाटेने चाललो आहोत, याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण विचारणार कोण? ज्याला स्फोटाची तारीख पाठ आहे आणि भट्टीचे नावही ठाऊक नाही, तो?

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने ओलितासाठी वर्षानुवर्षे रात्रीच्या विजेची वाट पाहिली, साप-विंचवांतून पंपापर्यंत गेला. त्याला या चुलीत रस नसावा, असे मी मानीत नाही. रस घ्यावयास शिकविले नाही ते आम्ही शिकलेल्यांनी. तेव्हा आपापल्या गावच्या व्याख्यानमालेतली एक संध्याकाळ यंदा या भट्टीला द्यावी. वक्त्याला सोडियमची गंमत विचारावी, आणि २०१० चे २०२४ कसे झाले, हेही.