उंचीचा मोह

मचाण जितकं उंच तितकं चांगलं, ही समजूत फार पक्की आहे. आमच्या युनिटमधली तरुण पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या धनुष्यबाणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघतात. तिकडे अशी शिकार कायद्यात बसते. झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी एक छोटी लोखंडी बैठक टांगायची आणि २० फुटांवर जाऊन हरणाची वाट बघायची, ही तिथली रीत. पण त्यांच्यातलेच काही जण सांगतात, बैठक ८-१० फुटांवरच टांगा. यावरून बराकीत रात्री चांगला वाद रंगतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपली, आणि ते बरंच झालं. मचाण मात्र संपलं नाही. वनखातं वाघ पकडायला मचाण बांधतं, शेतकरी राखणीला बांधतो, आम्ही टेहळणीला झाडावर चढतो. त्यामुळे हा वाद आपलाही आहे. माझं मत ८-१० फूटवाल्यांच्या बाजूनं आहे. जेवढ्या उंचीवरून काम होतं तेवढीच उंची घ्यावी. त्याच्या वरचं प्रत्येक फूट महागात पडतं.

लखनौला पोस्टिंग झालेल्या माणसाला याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. छावणीजवळ दिलखुशा कोठी आहे. १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खानांसाठी बांधलेलं हे शिकारघर. तिथून काही किलोमीटरवर सिकंदरबाग. १६ नोव्हेंबर १८५७ ला इंग्रजी फौजेनं ही बाग घेतली तेव्हा आत हातघाईची लढाई झाली. ९३ व्या हायलँडर्स पलटणीतल्या फोर्ब्ज-मिचेलनं पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे की, लढाई ओसरल्यावर एका मोठ्या पिंपळाखाली बरेच गोरे सैनिक मरून पडलेले दिसले. झाडाखाली पाण्याचे थंड माठ होते, तहानलेले शिपाई सावलीला येत होते. एका कॅप्टनच्या लक्षात आलं की जखमा वरून खाली गेलेल्या आहेत. झाडावर नेम धरला गेला आणि खाली पडलेला देह बाईचा निघाला. तिच्याजवळ दोन पिस्तुलं होती. लखनौची लोकपरंपरा तिला वीरांगना ऊदादेवी पासी म्हणून ओळखते. चौकात तिचा पुतळा आहे. तिथून जाताना माझा हात आपोआप सॅल्यूटला जातो.

फौजी नजरेनं बघितलं तर या प्रसंगात उंच बैठकीचा सगळा हिशेब आहे. उंचीमुळे तिला मारा करता आला, आणि त्याच उंचीचा कोन जखमेत उतरून तिचा ठावठिकाणा सांगून गेला. त्यानंतर उतरायला वाट नव्हती. ऊदादेवी परतायच्या हिशेबानं चढली नसावी, तिचं मोल त्यातच आहे. पण ज्याला काम करून परत यायचं आहे, त्यानं ती जागा निवडू नये.

आता कोनाचं गणित. माणूस २० फुटांवर बसला आणि जनावराची छाती जमिनीपासून ३ फुटांवर धरली, तर नेम १७ फूट खाली जातो. जनावर बुंध्यापासून १७ फुटांवर असेल तर कोन ४५ अंशांचा होतो. बाण पाठीतून तिरका शिरतो, एका फुफ्फुसात जातो, दुसरं चुकू शकतं. जनावर जखमी होऊन पळतं आणि कुठेतरी झुरून मरतं. तीच बैठक १० फुटांवर आणली की कोन साधारण २२ अंशांवर येतो आणि बाणाला दोन्ही फुफ्फुसांचा रस्ता मिळतो. कमी उंचीवाल्यांच्या म्हणण्यात दम आहे तो इथे.

आपल्याकडे बाणाच्या जागी बेशुद्धीचं इंजेक्शन असतं. काकोरी-मलिहाबादच्या आंबापट्ट्यात रहमानखेडा इथे केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेचा मोठा परिसर आहे. २०१२ मध्ये तिथे एक वाघ १०० हून जास्त दिवस मुक्काम ठोकून होता. २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा एक आला. पिंजरे, कॅमेरे, मचाणं, दुधव्याहून आणलेल्या हत्तिणी, असं सगळं लागलं, तेव्हा ५ मार्च २०२५ ला तो बेशुद्ध करून पकडला गेला. तोवर गावंच्या गावं संध्याकाळी दार लावून बसत होती. अशा कामात डार्ट मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूत बसावा लागतो. फार वरून मारलं तर समोर पाठीचा कणा येतो आणि मांडीची बाजू अरुंद दिसते. शिवाय औषध चढायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात जनावर लांब जातं. मागावर जायचं तर आधी खाली उतरावं लागतं.

लपण्याचंही तेच. फौजेत पहिल्या दिवसापासून शिकवतात की वस्तू का दिसते: आकार, सावली, चमक, मागचं आकाश, हालचाल. उंच फांदीवरच्या माणसामागे उघडं आकाश येतं. खालच्या फांदीवर मागे खोड आणि पाला असतो, माणूस त्यात विरतो. आंब्याचा घेर तर खालूनच दाट असतो. जिम कॉर्बेटनं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या २ मे १९२६ ला गुलाबराईत मारला, तेव्हा तोही आंब्याच्याच झाडावर बसला होता.

दुसरी बाजूही मांडतो. खाली बसलेल्या माणसाचा वास जनावराच्या नाकापर्यंत लवकर जातो, म्हणून वारा बघूनच जागा धरावी लागते. जरा हात हलला तरी दिसतो. आणि जिथे वाघ आहे तिथे त्याच्या उडीच्या आवाक्यात बसणं म्हणजे शहाणपणा नव्हे, तिथे उंची घ्यावीच लागते. बिबट्याला मात्र उंचीचं कौतुक नाही, तो झाडावर आपल्यापेक्षा सफाईनं चढतो. म्हणजे उंची धोका बघून ठरवायची असते, भीती बघून नव्हे.

हे आपल्या शेतकऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा उभा राहतो. चार खांब, वर फळ्या. त्याची उंची किती? कणसांच्या वर नजर जाईल आणि गोफण मोकळी फिरेल एवढीच. राखणदाराला दिवसातून दहा वेळा उतरावं लागतं, हे माळा बांधणाऱ्याला ठाऊक असतं.

निवृत्तीनंतर आपल्यातले कितीतरी जण गावी राखणीला बसतात, कुणी वनखात्याच्या मदतीला जातात, कुणी बुद्धपौर्णिमेला मेळघाट-ताडोब्याच्या मचाणावर प्राणी बघायला जातात. त्यांना माझं सांगणं आहे. चढण्याआधी बघा की मागे आड काय आहे, वारा कुठून कुठे जातो आणि अंधारात दोन्ही हात मोकळे ठेवून उतरता येईल का. दहा फुटांवर असलात तरी कमरेचा-खांद्याचा पट्टा खोडाला बांधलेला असू द्या. झाडाच्या बैठकीवरून पडून मणका मोडणारे लोक अमेरिकेतही आहेत आणि आपल्याकडेही. शत्रूची गोळी चुकवून आलेल्या माणसानं फांदीवरून पडून अंथरुण धरावं, हे मला पटत नाही.

जय हिंद.