हिरवा ठिपका कोणी काढला?

रात्री अकरानंतर हेडफोन लावून डीसीएस वर्ल्डमध्ये एफ/ए-१८ हॉर्नेट उडवणाऱ्यांनो, आज तुमच्याशी बोलायचंय. बाकीच्यांनी पान उलटू नका. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर 'डेटा लिंक' हा शब्द तुमच्याही रील्समध्ये येऊन गेलाय, आणि त्यावर छातीठोकपणे बोलणारे बरेच जण हा शब्द सिम्युलेटरमध्येच शिकलेत.

आधी एक मान्य करू या. याला 'गेम खेळतोय' म्हणून उडवून लावणं अन्याय आहे. डीसीएसच्या एफ-१६ मध्ये बसलात तर एमआयडीएसचं बटण फिरवा, डेटा लिंकचा स्विच वर करा, मग कुठे बाकीची विमानं स्क्रीनवर दिसतात. त्यासाठी शेकडो पानांचं मॅन्युअल वाचणारी पोरं आपल्याकडे आहेत. सेमिस्टरचं पुस्तक उघडलं असेल-नसेल, पण हे मॅन्युअल पाठ!

तर डेटा लिंक म्हणजे काय? विमानं, जहाजं आणि जमिनीवरची रडार यांचा आपापसातला गुप्त डिजिटल ग्रुप. मी इथे आहे, माझ्यासमोर हा आहे, तो शत्रू वाटतोय, हे सगळं न बोलता एकमेकांच्या नकाशावर जातं. अमेरिका आणि नाटो देश यासाठी लिंक १६ वापरतात. कट्ट्यावर दहा जण एकदम बोलतात आणि कुणालाच काही कळत नाही. लिंक १६ मध्ये तसं चालत नाही. एका सेकंदाचे १२८ तुकडे पाडलेले असतात आणि ज्याने त्याने आपल्या तुकड्यातच बोलायचं. शिवाय बोलताना फ्रिक्वेन्सी सतत बदलत राहते, म्हणजे चोरून ऐकणारा आणि जॅम करणारा दोघेही वैतागतात.

हॉर्नेटमध्ये हा नकाशा एसए पेजवर दिसतो. हिरवे आपले, लाल शत्रूचे, पिवळे अनोळखी. पण त्या खुणा नीट बघितल्यात कधी? प्रत्येक खुणेचे दोन भाग असतात. वरचा अर्धा भाग म्हणजे तुमच्या विमानाच्या स्वतःच्या सेन्सरचं मत. खालचा अर्धा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पाठवलेली माहिती. कधी वरचा भाग सांगतो 'माहीत नाही' आणि खालचा सांगतो 'शत्रू'. म्हणजे ज्यांनी खरं विमान बनवलं, त्यांनी 'हे नक्की कोण म्हणतंय' या प्रश्नाला इवल्याशा चिन्हात अर्धी जागा दिली. आणि आपण काय करतो? रंग बघतो, लॉक करतो, मिसाइल सोडतो.

सिममध्ये हे चालून जातं, कारण तिथे ठिपका सहसा खोटं बोलत नाही. मिशन बनवणाऱ्याने कुठलं विमान निळ्या बाजूला टाकलं आणि कुठलं लाल, हे प्रोग्रॅमला पहिल्या सेकंदापासून माहीत असतं. अवॅक्सने पाठवलेली खूण म्हणजे पेपरच्या मागे छापलेलं उत्तर. खऱ्या आकाशात असं उत्तर कुणाकडेच नसतं. रडारवर एक ठिपका येतो. आयएफएफ, म्हणजे आपला की परका ते विचारणारं यंत्र, त्याला हाक मारतं. उत्तर आलं तर आपला. नाही आलं तर? शत्रू असेल. किंवा आपलाच असेल आणि यंत्र बंद असेल, कोड चुकीचा असेल. एकच विमान दोन रडारनी वेगवेगळं नोंदवलं तर नकाशावर दोन विमानंसुद्धा दिसतात. शेवटी कुणीतरी माणूस ठरवतो आणि ते ठरवणं रंग बनून सगळ्यांच्या स्क्रीनवर जातं.

१४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-१५ नी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर्स पाडली. २६ माणसं गेली. वर अवॅक्स होतं, आणि ही हेलिकॉप्टर्स त्या भागात आहेत हे त्याच्या क्रूला कळवलेलं होतं. हेलिकॉप्टर्सच्या आयएफएफवर त्या भागासाठीचा कोड नव्हता. वैमानिकांनी जवळून जाऊन डोळ्यांनीही पाहिलं, आणि तरीही त्यांना ती रशियन बनावटीची 'हाइंड' वाटली. माहिती एका विमानात होती आणि ट्रिगर दुसऱ्या विमानात.

मग सगळ्यांकडे डेटा लिंक आली की प्रश्न मिटला? डिसेंबर २०२४ मध्ये लाल समुद्रात अमेरिकी नौदलाच्या गेटिसबर्ग या युद्धनौकेने आपल्याच ताफ्यातलं एफ/ए-१८एफ पाडलं. दोघेही वैमानिक वाचले. लिंक १६ वापरणाऱ्या जगातल्या सगळ्यात सज्ज नौदलाची ही गोष्ट.

आणि आपली गोष्ट. २७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाकिस्तानी विमानं हद्दीकडे आलेली, आणि त्याच गडबडीत बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे हवाई दल प्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केलं, की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं आणि ती मोठी चूक होती.

या घटनेबद्दल 'एवढं साधं कसं दिसलं नाही यांना?' असं बोलणारे आपल्या वयाचे लोक भेटतात. मला राग येतो तो इथे. आपलं 'साधं' कुठून आलं? ज्या स्क्रीनवर ठिपका आधीच रंगवून येतो, तिथून. नेमणुकीवर बसलेल्या माणसाने चूक केली तर त्याची चौकशी व्हायलाच हवी, त्यावर बोलायलाही हवं. पण सिममधला स्वच्छ नकाशा फूटपट्टी म्हणून वापरून नको.

याच फूटपट्टीने लोक 'कुणाची डेटा लिंक भारी' हेही मोजतात. जणू सॉफ्टवेअर अपडेट मारला की झालं! खरं तर इथे किल्ली कोणाच्या हातात आहे, हा मोठा प्रश्न असतो. लिंक १६ चं संभाषण सांकेतिक असतं आणि ते उघडणारी किल्ली करारांशिवाय मिळत नाही. भारताने अमेरिकेबरोबरचा 'कॉमकासा' करार केला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. नौदलाची पी-८आय विमानं त्याच्या काही वर्षं आधीच आली होती, आणि त्यांच्यावर भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची डेटा लिंक बसवली होती. सिममध्ये या सगळ्याच्या जागी एक स्विच आहे. वर केला की जग उजळतं.

सिम सोडा असं मी म्हणत नाहीये. उलट आणखी खरं उडवा. मिशन एडिटर तुमच्याच हातात आहे ना? मग पुढच्या शनिवारच्या मिशनमधून अवॅक्स काढून टाका. दोन न्यूट्रल मालवाहू विमानं त्याच मार्गावर सोडा. डेटा लिंक बंद, आणि व्हॉइसवर नियम एकच: मिसाइल सोडण्याआधी 'डिक्लेअर' विचारायचं. कंट्रोलर म्हणून बसलेल्या मित्राने उत्तर द्यायचं, आणि तेही नेमक्या शब्दात. 'बोगी' म्हणजे कोण आहे माहीत नाही. 'बँडिट' म्हणजे शत्रू आहे हे ओळखलंय, पण मारायची परवानगी त्यात येत नाही. 'हॉस्टाइल' म्हणजे परवानगी आहे. आपल्या व्हॉइस चॅनलवर हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने ओरडले जातात.

कंट्रोलरच्या खुर्चीत आळीपाळीने सगळ्यांना बसवा. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त किल्स असलेल्याला सगळ्यात आधी. चाळीस मैलांवरून एक अनोळखी ठिपका येतोय, आयएफएफला उत्तर नाही, चार मित्र एकदम 'डिक्लेअर, डिक्लेअर' करतायत, तेव्हा तो काय सांगतो ते रेकॉर्ड करून ठेवा. आणि मालवाहू विमानांपैकी किती घरी पोचली, ते या पानाला नक्की कळवा.