शाळेतल्या ताईंचा पगार

आमच्या शेजारची मुलगी एम.एस.डब्ल्यू. झाली. दोन वर्षं शिकताना वस्त्यांतून हिंडली. आता एका शाळेत आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. मे महिन्यात पगार नाही.

विडी वळणाऱ्या बाईची सातवीतली लेक शाळेत यायची थांबली, की हिनं घरी जायचं. धाकट्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून ती घरी बसलीय, हे तिथंच कळतं, हजेरीपटात नाही. पण हिचा निम्मा दिवस अर्ज भरण्यात नि रजेवरच्या बाईंचा वर्ग सांभाळण्यात जातो. मग शिकली कशाला?

२००९च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असली, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ शिक्षक सांगितलेत. त्या यादीत समाजकार्यकर्ती नाही. मी कॉमर्सची. वहीत खातंच नसेल, तर रक्कम मांडणार कुठं? सरकारनं आधी पद मंजूर करावं.

तोवर यंदा चातुर्मासात शाळेला पंखे देण्याऐवजी हिचा मे महिन्याचा पगार देऊ, असं मी महिला मंडळात म्हटलं. "मग नावाची पाटी कुठं लावायची?" एकीनं विचारलं. अजून ठरलेलं नाही.