लुटुपुटूचीं न्यायालयें

आपल्याकडे विद्येचें नवें दुकान मांडावयाचें झालें म्हणजे पाटीवर एखादा भारदस्त शब्द रंगवावा लागतो. एके काळीं तो शब्द ‘राष्ट्रीय’ होता, पुढें ‘शास्त्रीय’ झाला. आज खासगी विधि-महाविद्यालयांच्या पाटीवर तो ‘प्रात्यक्षिक’ आहे. अशा कोणत्याही संस्थेचें माहितीपत्रक हातीं घ्यावें, त्यांत आश्वासन एकच: आमचा विद्यार्थी पुस्तकी राहणार नाहीं, पहिल्या वर्षापासून तो कोर्टाचें काम शिकेल. सोबत छायाचित्र असतेंच. लांकडी कठडा, उंच खुर्ची, काळे डगले चढविलेले विशीचे तरुण-तरुणी, आणि खालीं ‘अभिरूप न्यायालय’ हीं अक्षरें. ‘प्रात्यक्षिक’ या शब्दावर आमचा राग नाहीं. त्याच्या पोटांत जें भरलें जातें त्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे.

गेल्या हिवाळ्यांत पनवेलच्या बाजूच्या अशाच एका संस्थेनें वादस्पर्धेच्या समारोपास आम्हांस बोलाविलें होतें. संस्थेचें नांव घेण्याचें कारण नाहीं. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. आमच्याजवळ कायद्याची पदवी आहे, परंतु सनद आम्हीं कधीं घेतली नाहीं. आयुष्य गेलें तें वर्गांत. स्पर्धेचा विषय होता दोन काल्पनिक राष्ट्रांमधील सागरी सीमेचा तंटा. मुलें बोललीं मात्र उत्तम! इंग्रजी अस्खलित, निवाड्यांचे आधार मुखोद्गत, न्यायासनापुढें वांकण्याची ढब तर आमच्या हायकोर्टांतल्या बड्या वकिलांनींही शिकावी अशी. आम्हीं मनापासून टाळ्या वाजविल्या.

चहाच्या वेळीं तेथील एक शिपाई संकोचानें पुढें आला. राहणारा गव्हाणचा. ‘साहेब, एवढे कागद जरा बघतां का?’ म्हणून त्यानें प्लॅस्टिकच्या पिशवींतून आजोबांच्या नांवचा जुना सातबारा, एक फेरफार, भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल आणि वारसांची एक यादी काढली. ‘आमच्यापेक्षां हे बघतील,’ असें म्हणून आम्हीं ते कागद नुकत्याच ढाल जिंकलेल्या दोघां विद्यार्थ्यांच्या हातीं दिले. दोघेही भले होते. त्यांनीं टाळाटाळ केली नाहीं. पण फेरफाराचा कागद त्यांनीं दोनदां उलटा-सुलटा केला, आणि मग एकानें हळूच विचारलें कीं, याचें इंग्रजी भाषांतर कोठें मिळेल काय? खालच्या न्यायालयांची भाषा ज्या राज्यांत मराठी ठरलेली आहे त्या राज्यांत हा प्रश्न विचारला गेला. विद्यार्थ्याला आम्ही दोष देत नाहीं. सागरी सीमा त्याला कोणीं तरी शिकविली होती. सातबारा कोणींच शिकविला नव्हता.

गव्हाण हें कांहीं कोपऱ्यांतलें अज्ञात खेडें नव्हे. पनवेल तालुक्यांत, उलव्याच्या शेजारीं हें गांव आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील जीं ९५ गांवें संपादनाच्या आराखड्यांत आलीं, त्यांत हेंही आलें. या पट्ट्यांतलीं भातखाचरें गेलीं, मिठागरें गेलीं. जमीन गेली ती दरोड्यानें नव्हे, १८९४ च्या भूसंपादन अधिनियमानें गेली. मोबदल्यासाठीं लढा झाला. १९८४ च्या जानेवारींत जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे स्वतः वकील होते, ही गोष्ट विधि-महाविद्यालयांनीं विसरण्याजोगी नाहीं. त्याच लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढें आली.

आतां त्या १८९४ च्या कायद्यांतील एक बारीकशी जागा पाहा. मोबदला अपुरा वाटला तर न्यायालयाकडे प्रकरण पाठवा असा अर्ज शेतकऱ्यास करतां येत असे. परंतु निवाड्याच्या वेळीं तो हजर असेल तर मुदत अवघी सहा आठवड्यांची. शिवाय रक्कम घेतांना ‘हक्क राखून’ अशा अर्थाचा निषेध त्यानें नोंदविला नसेल, तर तो दरवाजाही बंद! १९८४ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन आणखी एक खिडकी उघडली: त्याच अधिसूचनेखालील शेजाऱ्याचा मोबदला न्यायालयानें वाढविला, तर पूर्वीं अर्ज न केलेल्यासही तीन महिन्यांच्या आंत तसाच मोबदला मागतां येऊं लागला. म्हणजे एका कुटुंबाचें नशीब दोन शब्दांवर आणि पंचांगाच्या कांहीं पानांवर टांगलेलें होतें. ज्याला हे दोन शब्द वेळेवर सांगणारा भेटला नाहीं, त्याच्यासाठीं पुढें उच्च न्यायालयांत कितीही वक्तृत्व गाजलें तरी काय उपयोग? २०१४ पासून भूसंपादनाचा नवा कायदा अमलांत आला, तरी मुदती आणि सह्या कांहीं संपल्या नाहींत. आणि जुन्या निवाड्यांच्या वारसांचे तंटे तर घरोघर शिल्लक आहेत.

कोणी म्हणेल, हा दोष संस्थांचा नव्हे, अभ्यासक्रमाचा आहे. तसेंही नाहीं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनीं मसुदा-लेखन, व्यावसायिक नीति, तडजोडीचे मार्ग आणि अभिरूप न्यायालयासह उमेदवारी असे चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे केले आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत किमान १२ आठवडे आणि पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत २० आठवडे उमेदवारी सांगितली आहे. प्रत्येक संस्थेनें विधि-साहाय्य केंद्र चालवावें असेंही तेथें लिहिलें आहे. नियम आहेत, पण अभिरूप न्यायालयाला ढाल मिळते, छायाचित्र मिळतें, जाहिरात मिळते. विधि-साहाय्य केंद्राला मिळते ती बहुधा जिन्याखालची खोली आणि तिचें कुलूप. उमेदवारीचे आठवडे मुंबईच्या एखाद्या मोठ्या पेढींत थंड हवेंत बसून काढले कीं प्रमाणपत्र मिळतें. पनवेलच्या तहसील कचेरीच्या बांकावर काढलेल्या दिवसाला प्रमाणपत्र देणारा कोणी नाहीं.

यांत एक गंमत अशी आहे, आणि ती या व्यवसायाबाहेरच्या वाचकांस बहुधा ठाऊक नसते, कीं पूर्ण वेळ पगार घेणाऱ्या कायद्याच्या प्राध्यापकास आपल्याकडे वकिली करतां येत नाहीं. वैद्यकाचा अध्यापक सकाळीं रोगी तपासतो आणि दुपारीं शिकवितो. कायद्याच्या अध्यापकास मात्र कोर्टाच्या कठड्यापलीकडे मज्जाव. पोहण्याचे धडे कोरड्या जमिनीवर देण्याचाच हा प्रकार झाला. अमेरिकेंत जेरोम फ्रँक यांनीं वैद्यक-शाळेच्या धर्तीवर कायद्याचें शिक्षण रुग्णालयासारख्या ठिकाणीं व्हावें असें १९३३ सालींच सुचविलें. तिकडे त्या दिशेनें पुढें बरेंच कामही झालें. आम्हीं तिकडून कठडा आणि डगला तेवढा आणला, रोगी मात्र दाराबाहेर ठेवला.

‘खासगी’ या शब्दाला नाक मुरडण्याचेंही आम्हांस कारण दिसत नाहीं. डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडल्यावर टिळकांनीं कायद्याचा वर्ग चालविला तो खासगीच होता. पुण्यांत इंडियन लॉ सोसायटीनें १९२४ सालीं महाविद्यालय काढलें तेंही सरकारी नव्हे. आणि सरकारी महाविद्यालयाचेंच उदाहरण हवें असेल तर मुंबईचें घ्या. डॉ. आंबेडकर १९३५ सालीं त्याचे प्राचार्य झाले, आणि त्या पदावर असतांनाच १९३७ सालीं त्यांनीं विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. वर्गाची खोली आणि कोंकणांतल्या कुळाचें खळें यांच्यामध्यें त्यांना भिंत दिसली नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांनीं यावर आक्षेप घेतला. ‘तुम्ही सांगतां ती समाजसेवा झाली, ती भूतदयेनें करावी, पण तिला शिक्षण म्हणूं नये.’ याचें उत्तर त्या शिपायाच्या पिशवींतच होतें. वारसांच्या यादींत आजोबांच्या तिन्ही मुलांचीं नांवें होतीं, मुलीचें नव्हतें. ‘आत्या लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध?’ तो निष्कपटपणें म्हणाला. मुलीच्या समान वाट्याची २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणांतील २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्या दोन्ही विद्यार्थ्यांस तोंडपाठ असावा, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. यादींत ती आत्या नाहीं, हें मात्र दोघांपैकीं एकाच्याही ध्यानांत आलें नाहीं. आणि ध्यानांत आलें असतें तर? मदत मागावयास पुतण्या आलेला, अन्याय व्हावयाचा तो आत्यावर; तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याचा मसुदा त्यानें मागितला तर तो करावा कीं नाहीं? तिला वेगळा सल्लागार पाहण्यास सांगावें काय, आणि सांगावें तर कोणत्या शब्दांत? व्यावसायिक नीतीच्या पेपरांत या प्रश्नाला पांच गुण असतील. गव्हाणच्या ओटीवर त्याला एका बाईचा वाटा असतो, आणि भाऊबीजेला तिनें माहेरीं यावें कीं नाहीं हेंही असतें. काल्पनिक राष्ट्रांना आत्या नसते.

हें शिकविण्यास नवें विश्वविद्यालय नको. आठवड्यांतून एक दिवस ग्रामपंचायतीच्या खोलींत एक सनदी वकील, एक अध्यापक आणि चार विद्यार्थी बसावेत. आलेले कागद मोठ्यानें वाचावेत. अर्ज मराठींत लिहावेत. विद्यार्थ्यास न्यायालयांत उभें राहतां येत नाहीं हें खरें, पण मुदत मोजण्यास, नक्कल काढण्यास आणि तलाठ्याकडे जाण्यास सनद कोण मागतो? वकिलास त्या दिवसाचें मानधन संस्थेनें द्यावें. ढाली आणि हारतुरे यांच्या खर्चांतून तें निघेल.

त्या शिपायाचे कागद आम्हीं पनवेलच्या एका वृद्ध वकिलांकडे नेऊन दिले. चष्मा पुसून त्यांनीं यादीवर एकवार नजर फिरविली आणि पहिलाच प्रश्न केला तो आत्याच्या पत्त्याचा.